आईवरचं गाणं

कामोठ्याची क्रांती कितीतरी वर्षं नामांकित गायकांच्या मागे उभी राहून गिटार वाजवत होती. टाळ्या पुढच्याला मिळायच्या, त्याचं तिला वाईट वाटत नसे. वडील किसन एपीएमसीच्या घाऊक बाजारात पोती उचलायचे आणि आंबेडकर जयंतीला गायन पार्टीत कोरस धरायचे. साथ देणाऱ्याचा मान त्या घराला ठाऊक होता.

गाणी मात्र ती स्वतः रचायची. एक होतं आईवर, मुक्ताबाईवर. दिवसभर बाजारात कांदा निवडून डोळे लाल करून येणारी, पण घरात पाऊल टाकताना हसणारी आई. तालमीच्या सुट्टीत क्रांतीने ते गुणगुणलं आणि गायिका राजेश्वरी हातातला चहा प्यायचं विसरली. राजेश्वरीचं नाव तेव्हा घराघरांत होतं. हे गाणं मी गाणार, असं तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं.

राजेश्वरीच्या कार्यक्रमांच्या निर्मात्याला गाणं आवडलं, पण गीतकार म्हणून तो एखादं वजनदार नाव लावणार होता. क्रांतीला पुढे कामं देत राहीन म्हणाला.

क्रांतीने गिटार पिशवीत घातली. "गाणं माझ्या आईवर आहे, सर. नाव माझंच लागेल. नाहीतर राहू दे."

राजेश्वरीच्या पुढच्या दौऱ्यावर दुसरा गिटारवाला गेला. क्रांती घरीच मुलांना गिटार शिकवू लागली. सोसायटीतल्या बायका हळहळल्या, तेव्हा मुक्ताबाईंनी त्यांना ठणकावलं की पोरीने केलं ते बरोबरच केलं.

वर्ष सरत आलं आणि राजेश्वरी स्वतः कामोठ्याला आली. निर्मात्याशी तिने फारकत घेतली होती.

"ते गाणं डोक्यातून जात नाही," ती म्हणाली. "तुझ्या नावाने गाते. पण तू माझ्या शेजारी उभी राहा."

वाशीच्या कार्यक्रमात किसन आणि मुक्ताबाई पहिल्या रांगेत बसले. राजेश्वरीने आधी क्रांतीचं नाव घेतलं, मग मुक्ताबाईंना उभं राहायला सांगितलं. मुक्ताबाई उठल्या, पदर सारखा केला आणि ताठ मानेने सगळ्या सभागृहाकडे पाहिलं. किसनने शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "गिटारवाली आमची मुलगी. गाणं तिनंच लिवलंय."

गाणं संपलं तसा 'वन्स मोअर'चा गजर झाला. सवयीने क्रांती राजेश्वरीच्या इशाऱ्याची वाट पाहू लागली. राजेश्वरी मात्र तिच्याकडेच बघत थांबली होती.

क्रांतीने मान डोलावली आणि पहिली तार छेडली.