तीस सेकंद कुठून आले

...आणि पडद्यावरच्या चौकोनाच्या कोपऱ्यात ते वाळूचं घड्याळ, मोहरीएवढं, लाल. थोरलीने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. लालच. शेजारचंही लाल, खालचंही. एकंदर सदतीस, असं चित्रं काढायचं टूल खालच्या पट्टीत सांगत होतं. कुणी विचारलं नसताना, आगाऊ शेजारणीसारखं.

सदतीसही चौकोन तिचे. रुग्णाला नळीतून थेंबाथेंबाने औषध देणाऱ्या यंत्राचं सगळं सॉफ्टवेअर आधी या चौकोनांत काढलेलं, मग त्याबरहुकूम लिहिलेलं. यंत्र अजून चाचणीत होतं. दोन महिन्यांनी ते खऱ्या माणसाच्या खाटेशेजारी उभं राहणार होतं.

ऑफिसात मॉडेलं, म्हणजे सॉफ्टवेअरची अशी चित्रं, काढणाऱ्या बायका दोघीच, म्हणून कुणीतरी थोरली आणि धाकटी म्हटलं आणि ते चिकटलं — जावा-जावा नांदतात म्हणे, भांड्याला भांडं न लागता. धाकटी येऊन आठ महिने झाले होते. आणि तिने हे प्रोफाइल, चित्रांच्या भाषेला जोडायची ही पुरवणी, करून ठेवलं होतं.

थोरलीला ते पहिल्यांदा उघडलं तेव्हाच कळलं होतं की हे आपल्याला सुचायला हवं होतं. सॉफ्टवेअरचं चित्र काढायची जी भाषा जगभर चालते तिच्यात चौकोन, रेघा, बाण सगळं आहे. पण आपल्या यंत्राचं दुखणं — एक भाग दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहतोय आणि उत्तर येतच नाही — ते ठसठशीत सांगायला तिच्यात जागा नाही. थोरली इतकी वर्षं बाजूला चिठ्ठी चिकटवायची: तीस सेकंद थांबणे. धाकटीने मूळ भाषेला धक्काही न लावता, तयार कपड्याला आतून खिसा शिवावा तसा तिला वाळूच्या घड्याळाचा एक शिक्का जोडला. 'वाट पाहणारा.' ज्या चौकोनावर तो बसेल त्याने तीन रकाने भरायचेच: किती वेळ थांबणार, उत्तर आलं नाही तर काय करणार, आणि हा आकडा कुठून आला. एक जरी रिकामा राहिला तरी लाल. टाका दिसत नाही, आणि खिसा फाटत नाही... असं शिवणारा हात मी ओळखते, माझा तसा नाही एवढंच.

पहिले दोन रकाने धाकटीने तिच्याच चिठ्ठ्या वाचून भरले होते. तिसरा रिकामा. सदतीस वेळा रिकामा.

सकाळी धाकटी खुर्ची ओढून जवळ बसली होती, आवाज उगाच खाली घेऊन.

"ताई, तिसऱ्या रकान्याची सक्ती काढते हवं तर. लालचं पिवळं होईल. पिवळ्याकडे कोण बघतंय?"

थोरली म्हणाली, बघते. प्रोफाइलला मंजुरी तिनेच द्यायची होती आणि तीन वाजता साहेबांपुढे सगळी मॉडेलं भिंतीवर लागणार होती. नंतर तासभर ती त्या बोलण्यात कुठे खोच सापडते का ते शोधत राहिली, तांदळात खडा शोधावा तशी. सापडली नाही. खडा सापडला असता तर किती सोपं झालं असतं.

कारण तीस कुठून आले ते तिला पक्कं ठाऊक होतं. ती इथे टायपिस्ट म्हणून आली होती. हे काम तिला कुणी शिकवलं नाही; मुलगा झोपला की जेवणाच्या टेबलावर टूलची मदतीची पानं उघडायची आणि त्यातली उदाहरणं जशीच्या तशी गिरवायची. नवरा म्हणायचा, चौकोन काढायचा पगार देतात होय, मग मी वर्तुळं काढतो. त्या पानांत कॉफीच्या मशीनचं उदाहरण होतं. नाणं पडलं की कपाची वाट पाहा, तीस सेकंद. तो आकडा तिने गिरवला, पुढच्या चौकोनात पुन्हा, मग सवयीने... आणि कुणीच विचारलं नाही. इतक्या शिकलेल्या माणसांपैकी एकानेही नाही.

जेवणाच्या सुट्टीत ती खाली चाचणीच्या खोलीत गेली. तंत्रज्ञ डबा खात होता. जरा पाहते म्हणाली तर त्याने मानेनेच हो म्हटलं. तिने चालू यंत्राची नळी चिमटीत दाबून धरली आणि मोजायला लागली. एक, दोन — थेंब थांबला. सात, आठ — आई शेवटी दवाखान्यात होती तेव्हा तिची नजर अशीच नळीवर असायची, मला म्हणायची तू जा घरी, हे आहे ना लक्ष ठेवायला — चौदा, पंधरा... इतके लांब असतात सेकंद? बावीस. बोटं पांढरी पडली. कागदावर तीस म्हणजे दोन अंक होते. तिसाव्याला घंटा वाजली आणि तंत्रज्ञ घास हातात धरून म्हणाला, "उशिरा वाजते ना जरा? मागे मी बोललो होतो तुम्हाला."

बोलला होता. आणि ती म्हणाली होती, तेवढं चालतं.

वर आली तेव्हा पावणेतीन झाले होते. धाकटी उभीच होती.

"ताई, करू पिवळं?"

"नको. लालच राहू दे." मग थांबून, "अगं, तो तिसरा रकाना तुला सुचला कसा?"

धाकटी ओशाळली. आधीच्या नोकरीत असाच एक आकडा तिने स्वतः ठोकून दिला होता, म्हणाली. पकडलं कुणीच नाही, म्हणून झोप उडाली.

थोरलीने मंजुरी दिली. बैठकीत भिंतभर तिचे चौकोन लागले, लालेलाल. कुणीतरी खोकलं. साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "हे तीस आले कुठून?"

कान तापले होते. खरं सांगितलं तर काय राहील आणि काय जाईल, याचा अंदाज येत नव्हता. धाकटी पलीकडे मान खाली घालून बसली होती, जणू तिचेच चौकोन. तिचा हेवा वाटायचा तो अजून होता, जागच्या जागी, पण त्याला आता स्वतःचं काही करून दाखवायची भूक लागल्यासारखी झाली होती. कॉफीच्या मशीनचं सांगायला तोंड उघडता उघडता थोरलीच्या लक्षात आलं की शरमेच्या ऐन मधोमध आपल्या डोक्यात एक चौथा रकाना आखला जातोय, मागे तंत्रज्ञ बोलला होता तसलं लिहून ठेवायला — रेघा स्वच्छ, नाव मात्र अजून सापडत नव्हतं...