मंचावरून उपटलेला कापडी गुलाब

मित्रांनो, मी लग्नाच्या सजावटीतला एक जुना कापडी गुलाब आहे. माझी कहाणी ऐकून डोळे पुसायची गरज नाही. मला कीव नको, आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांबद्दल माझं मत काही फारसं बरं नाही.

पत्र्याच्या एका शेडमध्ये मी घडलो. खळ लावलेल्या कापडाच्या पाकळ्या कापून, तापलेल्या लोखंडी गोळीवर वळवून तारेवर चिकटवल्या गेल्या. ते करणाऱ्या बाईची बोटं भाजून भाजून निबर झाली होती. तिथून मी एका डेकोरेटरबाईंकडे आलो. त्या आम्हाला वाफ देत, पाकळी न् पाकळी सारखी करत आणि खोक्यात कागद घालून ठेवत. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पाहुण्यांबद्दल. लांबून म्हणायचे, "अगंबाई, काय सुंदर!" मग जवळ येऊन नाक लावायचे आणि "शी, खोटं आहे" म्हणत पाकळी चिमटून निघून जायचे.

एकदा एक नवरी मुलगी होणाऱ्या सासूबाईंना घेऊन दुकानात आली. "दाराशी ताजी फुलं चालतील," ती म्हणाली, "पण मंचावर कापडीच हवीत. लिली जवळ असली की माझा दमा उसळतो."

सासूबाईंनी मेलेलं झुरळ उचलावं तसं मला दोन बोटांत धरलं. "एकुलत्या एका मुलाच्या लग्नात असल्या चिंध्या? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

"घालू देत. श्वास मला घ्यायचाय," मुलगी म्हणाली.

"बरं," म्हणत सासूबाईंनी मला खाली टाकलं. ते 'बरं' मला तेव्हाच खटकलं.

लग्नाच्या सकाळी डेकोरेटरबाईंनी आम्हाला मंचावरच्या कमानीला बांधलं आणि त्या दाराच्या सजावटीकडे वळल्या. त्यांची पाठ फिरते न फिरते तोच सासूबाई दुसऱ्याच फुलवाल्याला घेऊन आल्या. बादल्या भरभरून लिली! "हे सगळं उपटा," त्यांनी फर्मावलं. त्याने आम्हाला ओरबाडून खाली फेकलं. माझी तार वाकली. वर लिली चढल्या, आणि त्यांचा तोरा काय सांगावा!

मुलगी सजून आली, मंचापाशी पोचली आणि थबकली. खोकल्याची उबळ आली. तिने पर्समधून पंप काढून ओढला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. नवऱ्या मुलाकडे बघून तिने विचारलं, "तुला माहीत होतं?"

तो स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला, "आईची हौस आहे गं. अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. पंप आहे ना जवळ?"

"फुलं काढायला सांग."

त्याने आईकडे पाहिलं. आईने नकारार्थी मान हलवली. तो पुन्हा बुटांकडे बघू लागला.

"बाबा, चला," मुलगी म्हणाली. "आज अर्धा तास म्हणतोय, उद्या सगळा जन्म म्हणेल."

तिच्या वडिलांनी एक शब्दही विचारला नाही. "गाडी काढतो," एवढंच म्हणाले आणि तिचा हात धरून चालू लागले.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली, आणि त्यातही जेवण मिळणार की नाही याचीच काळजी जास्त! पाहुणे आम्हाला तुडवत पंगतीकडे गेले. सासूबाई डेकोरेटरबाईंवर तुटून पडल्या. "तुमच्या खोट्या फुलांनी घात केला!"

"घात तुम्ही केलात," बाई म्हणाल्या. "आणि जरा बाजूला व्हा. माझ्या फुलांवर उभ्या आहात."

त्या दिवसापासून माझ्या पाकळीवर टाचेचा वण आहे. वाफ देऊनही तो जात नाही. आता मला मागच्या रांगेत लावतात.

मित्रांनो, रीतीप्रमाणे 'मला जपा' असं मी म्हणायला हवं. नाही म्हणत. धूळ खात पडलो तरी माझं काही अडत नाही. मला श्वास लागत नाही, शेजारी बसणाऱ्या माणसाला लागतो. फुलं ताजी आणा नाहीतर कापडाची, पण आधी त्याला विचारा. आणि तो नको म्हणाला, तर कारणं न विचारता निमूटपणे बादली उचला.