तेजसचा दुसरा पडदा

साहेबांनी रजा नाकारली, म्हणून माझ्या नातवाने, तेजसने, स्वारगेटहून सुटलेल्या कोल्हापूर एसटीतच ऑफिस मांडलं. घरी त्याला कॉम्प्युटरचा एक पडदा पुरतो. प्रवासात काम वाढत असावं. त्याच्या मांडीवर लॅपटॉप होता, म्हणून स्वस्तातला नवा पोर्टेबल मॉनिटर माझ्या मांडीवर आला.

"हो सर, घरीच आहे," तो कॉलवर म्हणाला.

मी पन्नाशीत वाचायला शिकलो. दिसेल ते मोठ्याने वाचतो, दुकानांच्या पाट्यासुद्धा. मॉनिटरवर त्याने बायकोला पाठवलेला निरोप होता. मी वाचला, "साहेबांना घरी आहे म्हणून सांगितलंय. बस सुटली."

तेजसने घाईत माझं तोंड दाबलं. माइक दाबायचा राहिला.

"आजोबा, पुढचं वाचा," साहेब शांतपणे म्हणाले.

मी त्याचा हात बाजूला केला. "पुढे तुमच्याविषयी आहे. ते तेजसच वाचेल."