दाखल्यावरचा शेरा

‘इर्रेग्युलर.’ शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या शेवटच्या रकान्यातला तो शब्द निर्मलाने जुन्नरच्या एसटी स्टँडवर वाचला. १९९८ सालचा जून. पुण्याला नर्सिंगच्या प्रवेशाची उद्या शेवटची तारीख होती.

“काय लिवलंय गं?” तिची आई, सरूबाई, म्हणाली.

“रेग्युलर म्हंजे नेमानं येणारी. त्याच्यापुढं ‘इर’ लावलाय. म्हंजे नेम नसलेली.”

“नेम न्हाई? माज्या लेकीला?” सरूबाईने पदर खोचला. “चल माघारी.”

दर दिवाळीनंतर त्यांची मेंढरं घाट उतरून कोकणात जात. खतासाठी कुणाच्या रानात मेंढरं बसवायची, हे ठरवण्याआधी सरूबाई विचारी, “पावणं, शाळा किती लांब?” शाळा लांब असली की भरघोस धान्य देणाऱ्याचंही रान ती सोडी. नवरा करवादे, “मेंढरं शिकवायची हायेत का?” निर्मला तिथल्या शाळेत मागच्या बाकावर बसे, आणि मुक्काम हलताना सरूबाई मास्तरांकडून ‘इतके दिवस हजर’ अशी चिठ्ठी घेई.

दोघी माघारी शाळेत आल्या, तेव्हा हेडमास्तर खुर्चीतून उठले नाहीत. “पटावर दर वर्षी चार-चार महिने गैरहजर आहे. मी खोटं लिहू?”

सरूबाईने चिठ्ठ्यांची पिशवी टेबलावर उलटी केली. “ह्या अकरा मास्तरांच्या सह्या. दरसाली तुमच्यापुढं ठिवल्या. ‘असू द्या तुमच्याकडंच’ म्हनालात. वाचली व्हती का येक तरी?”

हेडमास्तरांनी एक चिठ्ठी उचलली, मग दुसरी. आवाज उतरला. “बरं, नवा दाखला देतो. तो रकाना मोकळा ठेवतो. प्रवेश अडायचा नाही.”

मोकळा रकाना पुरेसा होता. निर्मला ‘बरं’ म्हणणारच होती. पण टेबलावर एक अवकाळी पावसाने डागाळलेली चिठ्ठी होती. ती मिळावी म्हणून आई दिवसभर कोकणातल्या शाळेच्या पायरीवर बसली होती.

“मोकळा नको, सर. आहे तोच शब्द लिहा. फक्त पुढचा ‘इर’ खोटा आहे, तो काढा.”

“शेरा बदलायचा तर क्लार्क लागतो. तो दुपारीच घरी गेला. उद्या ये.”

“रोजच जातात दुपारी,” निर्मला म्हणाली. “त्यांच्या हजेरीच्या कागदावर कुठला शब्द लिहिता, सर?”

हेडमास्तरांनी खण उघडून कोरा दाखला काढला, स्वतःच्या हाताने भरला. शेवटच्या रकान्यात ‘रेग्युलर’ लिहून शिक्का उमटवला.

निर्मला चिठ्ठ्या गोळा करू लागली, तशी सरूबाईने तिचा हात धरला.

“त्या हितंच ऱ्हाऊ दे. मास्तर, पटाला जोडा त्या. माजी धाकटी अंबा हितंच आठवीत हाय.”