गॅलरीच्या सळया

कल्पना करा, तुमच्या हातात उसाचं एक कोवळं कांडं आहे. एक टोक घट्ट धरा आणि दुसरं खाली दाबत राहा. कांडं आधी कुठून फाटेल? वरून. कारण वरची बाजू ताणली जाते. भिंतीतून बाहेर आलेली गॅलरी अशीच असते. काँक्रीट दाब छान सोसतं, ताण नाही. ताण सोसायला लोखंडी सळया लागतात, म्हणून गॅलरीत त्या वरच्या अंगाला ठेवतात.

श्रीरामपूरच्या मरियाला हे तिच्या इंजिनियर आत्यानं, सत्यशीलाआत्यानं, शिकवलं होतं. पण घराचा स्लॅब ओतायचा होता त्या दिवशी आत्या अकोले तालुक्यातल्या घाटात अडकली होती.

सकाळी चर्चचे पाळक आले, प्रार्थना झाली. मग कुणीतरी म्हणालं, "गॅलरीतून चर्च दिसतंय, एक फोटो होऊ द्या!" झालं. मामा, काकू, शेजारी, सगळे सळयांच्या जाळीवर दाटीनं उभे राहिले.

ते उतरल्यावर मरियानं वाकून पाहिलं. सळया उचलून धरणारे लोखंडी टेकू आडवे झाले होते. जाळी खालच्या फळ्यांना टेकली होती.

तेवढ्यात मिक्सर सुरू झाला.

"पप्पा, गॅलरीच्या सळया खाली गेल्यात!"

अब्राहाम पाहुण्यांना चहा देत होते. "मिस्त्रींना कळतं ना, बेटा."

"वाल्मिककाका, तुम्ही तरी बघा!"

"काय बघायचं? मीच बांधल्यात त्या," वाल्मिक मिस्त्री हसले.

"फोटोच्या आधी बांधल्या होत्या!"

"इंजिनियरीनबाई, सरका बरं. माल घट्ट व्हतोय, लई गडबड हाय."

आत्याचा फोन लागेना. धाकटा सॅम मात्र गॅलरीच्या कडेकडे बोट दाखवत होता. "ताई, नाताळची चांदणी मी तिथं उभा राहून लावणार!"

एकदा काँक्रीट पडलं की सळया कुठे आहेत, कुणालाच दिसणार नव्हतं.

पहिलं घमेलं हातोहात वर आलं. मिस्त्रींनी ते गॅलरीकडे वळवलं.

मरिया भिंतीकडच्या फळीवर पालथी पडली. तिनं दोन्ही हात जाळीखाली घातले, सळया जोर लावून उचलून धरल्या आणि म्हणाली, "आता ओता."