हाताला हात

उमाने जेवण सोडलंय, हे शौनकला फोनवर कसं सांगावं ते मला सुचत नव्हतं. तो आमचा मुलगा, हैदराबादला असतो. आई जेवते ना, असं त्याने विचारलं की मी म्हणायचो, घेते थोडंथोडं. तसं ते खोटं नव्हतं. दूध, ताक, वरणाचं वरचं पाणी ती घेत होती. पेला डाव्या हाताने उचलता येतो. जेवताना उजवा हात उष्टा असतो, तेव्हा पाणी आपण सगळेच डाव्या हाताने पितो. ताटाचं तसं नाही. ताटात डावा हात घालायचा नाही हे तिच्या हाडात मुरलेलं होतं, आणि उजवा हात पक्षाघाताने गेला होता.

मी भरवायला बसलो की ती ओठ मिटून घ्यायची. दवाखान्यात माझ्या हातून खाल्लं होतं, घरी आल्यावर मात्र एकदम बंद. चमचा डाव्या हातात दिला तर तिने तो खाली ठेवून दिला. मला बरेच दिवस कारण कळलं नाही. शेवटी एका दुपारी तिनेच सांगितलं. तिचे शब्द आता जरा चिकटून येतात, पण समजतात.

"सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या, आजच्या दिवस भरव," ती म्हणाली. "मग मरेपर्यंत त्यांचा हात ताटापर्यंत आला नाही. भरवून घेतलं की हात मरतो."

माझी आई शेवटची काही वर्षं उमाच्या हातूनच जेवली. मी तेव्हा इथे घनसावंगीच्या शाळेत वाचनालय सांभाळत होतो, घरात काय चाललंय ते मला संध्याकाळी कळायचं. मी उमाला मेंदू आणि हात यांच्याबद्दल वाचलेलं काहीतरी सांगू लागलो. तिने भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टर घरी येऊन बघून गेले. जाताना मला अंगणात बोलावून म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि अशा अशक्तपणात नळी घातलेली माणसं… मी आत आलो तेव्हा उमा बांगड्या मनगटाशी आणत होती. त्या घसरून कोपरापर्यंत जात होत्या.

त्याच सुमारास शौनकने मागवलेलं हाताचं यंत्र आलं. अंड्याच्या आकाराचं, मुठीत मावणारं, वर रबराचे बारीक गोळे. बटण दाबलं की ते गोळे घरघरत फिरायचे आणि तळहात चोळून काढायचे. बटण बंद करून ते मुठीत आवळलं आणि जोर पुरेसा पडला की टोकाला हिरवा दिवा लागायचा. जालन्यात स्टेशनजवळ जान्हवी मॅडमचा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, चोळायला चांगलं आहे, काका, पण फार आशा ठेवू नका, बोटं येतील किंवा येणारही नाहीत. मी उमाला यातलं चोळायला चांगलं आहे एवढंच सांगितलं.

भाकरी करायला येणाऱ्या नंदाबाईने यंत्र हातात घेऊन कानाशी हलवून बघितलं. "काकू, लेकराच्या खुळखुळ्यावानी दिसून राह्यलाय की ह्यो."

उमाच्या तोंडाची एक बाजू हसली. त्या दिवसापासून यंत्राचं नाव खुळखुळा पडलं. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "दिवा लागू दे. दिवा लागला की जेवीन. माझ्या हातानं."

मी रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या तळहातावर यंत्र फिरवायचो, मग ते तिच्या मुठीत ठेवायचो. तिचा हात घसरू नये म्हणून खालून माझा हात लावायचो. ती डोळे मिटून जोर करायची. कपाळावर शीर उभी राहायची, खांदा थरथरायचा, आणि बोटं तशीच. दिवा काही लागत नव्हता. डोळे उघडून ती आधी दिव्याकडे बघायची, मग माझ्याकडे. त्या नजरेला मी घाबरू लागलो होतो. दूधही आता अर्धा पेलाच जात होतं.

नंदाबाई एकदा ओट्यापाशी हळू आवाजात म्हणाली, "काकू वाळून चालल्या, काका. तुमी एवढी पुस्तकं वाचलेत, एकात बी कायी न्हाई का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उमाने डोळे मिटले आणि तिचा खांदा थरथरू लागला. तिच्या हाताखाली असलेला माझा अंगठा मी यंत्रावर सरकवला आणि दाबला.

तिने डोळे उघडले. हिरवा दिवा तिच्या चष्म्यात दिसत होता.

"लागला?"

"लागला."

"परत."

मी परत दाबला.

तिने वरण-भात मागितला, वर तूप. नंदाबाई स्वयंपाकघरात धावली, आणि तिथून तिने नाक ओढल्याचा आवाज आला. मी तेव्हाही सांगू शकलो असतो. पण समोर ताट आलं की भूक पुढचं बघून घेईल, असं मला वाटलं. खरं म्हणजे याहून वेडगळ काहीतरी वाटत होतं. माणसाचा विश्वास बसला तर हात हलतही असेल, असं मी कुठेतरी वाचलं होतं.

आम्ही तिला खुर्चीत बसवलं, पुढे स्टुलावर ताट ठेवलं. तिने ताटाला नमस्कार केला. मग डाव्या हाताने उजवा हात उचलून भातावर ठेवला आणि डावा मांडीवर काढून घेतला. आम्ही तिघंही त्या हाताकडे बघत राहिलो. वरण तिच्या बोटांमधून वाहत होतं.

"काकू, भात गरम हाय," नंदाबाई म्हणाली. "पोळंल."

उमाला काहीच जाणवत नव्हतं. मी हात उचलला तोवर बोटं लाल झाली होती. नंदाबाईने पाण्याचं भांडं आणून दिलं आणि ती दाराबाहेर जाऊन उभी राहिली. मी उमाचा हात पाण्यात धरून ठेवला. उमाने आधी हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही दाबत होतात."

"हो."

"का?"

"तू खात नाहीस म्हणून. मला दुसरं काही सुचलं नाही."

ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने डाव्या हाताने उजवा हात पाण्यातून उचलून मांडीवर घेतला. आता पेलाही बंद होणार, याची मला खात्री पटली. तिला शेवटचं खावंसं वाटलं ते माझ्या खोटेपणामुळे, आणि पुन्हा वाटणार नाही तेही त्यामुळेच. मी ताट उचलायला वाकलो तर तिने डाव्या हाताने माझी बाही धरली.

"सत्यनारायणाला गुरुजी मला काय म्हणायचे?"

मी ताट तसंच ठेवलं.

"सगळं तुम्ही करायचात," ती एकेक शब्द सोडवत म्हणाली. "पाणी तुम्ही सोडायचात. मी नुसती शेजारी. गुरुजी म्हणायचे…"

"हाताला हात लावा."

"मी लावायची. मग ते माझंही व्हायचं?"

"दोघांचं होतं," मी म्हणालो. "असं म्हणतात."

"मग लावा."

भात निवला होता. मी सवयीने तिच्या हाताखाली हात घातला. तिने मान हलवली.

"खालून नको. वरून. दिसू द्या."

मी तिच्या बोटांवर माझी बोटं ठेवली आणि ती मिटली. भात कालवला गेला तो तिच्याच बोटांनी, जोर तेवढा माझा होता. अर्धाअधिक घास वाटेतच साडीवर सांडला, उरलेला तिच्या तोंडात गेला. ती बराच वेळ चावत राहिली. आणखी एक घास झाला, आणि तिने मान मागे टेकली. दमली होती. ताट जवळपास भरलेलंच होतं.

"हे भरवणं नव्हे," ती डोळे मिटून म्हणाली. मला सांगत होती की स्वतःला, कोण जाणे.

"नव्हे," मी म्हणालो.

दोन घासांनी नळी टळते का, हे डॉक्टरांना विचारायचं धाडस मला झालं नाही. शौनकचा फोन आला तेव्हा मी त्याला पहिल्यांदाच सगळं खरं सांगितलं. त्याने दिव्याबद्दल विचारलं. लागला नाही म्हणून सांगितलं.

संध्याकाळी उमाने स्वतःच खुळखुळा मागितला. मी तिच्या मुठीत तो ठेवला आणि तिचा हात खालून उशीने टेकवला. मग माझे दोन्ही हात तिला दिसतील असे गुडघ्यांवर ठेवून समोर बसलो. तिने या वेळी डोळे मिटले नाहीत. कपाळावर शीर उभी राहिली, खांदा थरथरू लागला. मी दिव्याकडे बघत राहिलो. तो लागला नाही.