शेपटांची मोजणी

ज्यानं त्यानं आपला माल विकताना त्याचं कौतुक करावंच, पण श्यामसुंदर साहेबांनी सगळ्यांवर ताण केली होती. त्यांच्या कंपनीचं कोबीवर फवारायचं नवं कीटकनाशक म्हणजे जणू धारोष्ण दूध! आणि अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका टीचभर प्रयोगशाळेतली जान्हवी नावाची पोरगी लिहिते काय, तर हे औषध माणसाच्या पेशींमधला डीएनए तोडतं. साहेब तणतणतच आले.

"हिनं मनात आणलं ना, तर गंगाजलातपण विष सापडेल," ते प्रयोगशाळेच्या प्रमुख इरावतीबाईंना म्हणाले. "मोजणी परत होणार. मी करणार. कुठल्या पेशींना औषध लावलंय ते मला सांगू नका, मग तर झालं? पण माझा आकडा शेवटचा. नाहीतर हा रिपोर्ट रद्द, आणि पुढची कामंही दुसरीकडे."

इरावतीबाई "बरं" म्हणाल्या आणि जान्हवी मनातल्या मनात चरफडली. तिच्या नावानं निघालेला हा पहिलाच रिपोर्ट. शिवाय पेशीही तिच्याच होत्या. तपासणीला निरोगी माणसाचं रक्त लागतं म्हटल्यावर बाकी सगळ्यांना एकदम कामं आठवली, म्हणून हिनंच दंड पुढे केला होता. स्वतःच्या रक्ताला कुणी खोटं ठरवलं, तर झोंबणारच की!

तपासणी तशी दिसायला साधी. पेशी पातळशा जेलमध्ये बसवायच्या आणि त्यातून वीज सोडायची. डीएनए धड असला, तर सूक्ष्मदर्शकाखाली गोल लाडू दिसतो. तुटला असला, तर तुकडे मागे ओढले जातात आणि लाडवाला शेपूट फुटतं. औषध लावलेल्या आणि न लावलेल्या पेशींची शेपटं मोजून ताडून बघायची, बस्स.

"बाई, हा माणूस एकाही शेपटाला शेपूट म्हणणार नाही," साहेब चहाला गेल्यावर जान्हवी म्हणाली. "सगळीकडे लाडूच लाडू लिहील. वाट लागली ना आपली!"

"मोजू दे त्याला. स्लाइडच्या दोन डब्यांना नावं मात्र तू दे," बाई म्हणाल्या. "खरी नावं झाकून टाक आणि कुठली काय ते फक्त मला सांग."

जान्हवीनं दोन्ही डब्या पुढ्यात ओढल्या. मग तिच्या डोळ्यांत अशी काही चमक आली, की तिच्या आईनं पाहिली असती तर आधी कान धरला असता. आई, मंजुळा, वेसाव्याच्या बाजारात मासळी विकते. मागच्या खेपेला जान्हवीनं डब्यातलं सुक्या बोंबलाचं कालवण उघडलं, तेव्हा ह्याच साहेबांनी नाकाला रुमाल लावून खिडकी उघडायला लावली होती. ते ती विसरली नव्हती.

साहेब परतले तेव्हा टेबलावर दोन डब्या होत्या. एकीवर 'पापलेट', दुसरीवर 'बोंबील'.

साहेबांनी नावं वाचली आणि मिशीत हसले. चोराच्या मनात चांदणं! या पोरीला आपलं औषध डोळ्यांसमोर नको, म्हणजे तो वासाचा बोंबील आपल्याच माथी मारणार, आणि पापलेटाचा मान तिच्या औषध न लावलेल्या पेशींना. एवढं न कळायला आपण काय दूधखुळे?

त्यांनी बोंबलाच्या स्लाइड लावल्या. गोल गरगरीत लाडू! "वा!" साहेब मोठ्यानं म्हणाले. मग पापलेट लावलं आणि खुर्चीतून उठलेच. "बाई, इकडे या! शेपटं बघा, शेपटं! हे अर्धवट? लिहा, तेही शेपूटच. आणि हे तर केवढं लांब!"

त्या दिवशी साहेबांसारखा काटेकोर मोजणारा अख्ख्या अंधेरीत नसेल. पुसटसं शेपूटही त्यांनी सोडलं नाही. जान्हवी मान खाली घालून लिहीत होती. हसू दाबून तिचे गाल दुखायला लागले. शेवटी साहेबांनी आकड्यांखाली झोकात सही ठोकली.

"आता सांगा. पापलेट काय आहे?"

"तुमचं औषध लावलेल्या पेशी," इरावतीबाई शांतपणे म्हणाल्या. "गंमत म्हणजे, जान्हवीपेक्षा तुम्हीच जास्त शेपटं मोजलीत. रिपोर्टमध्ये तुमचाच आकडा घालू. शेवटचा आकडा तुमचाच ठरलाय ना?"

साहेबांनी सहीकडे पाहिलं, मग डबीकडे. "पण... पापलेट? माझ्या औषधाला? आणि स्वतःच्या चांगल्या पेशींना बोंबील?"

"आमच्याकडे तशीच रीत आहे, सर," जान्हवी म्हणाली. आता मात्र ती मनापासून हसली. "पापलेट जातं गिऱ्हाइकाला. बोंबील आम्ही घरच्यांसाठी ठेवतो."